आधी कान, मग पाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या गॅरेजचे मालक, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती कानवाले मिस्त्री, इथली सगळी कारागीर मंडळी, आणि माझ्यासारखेच गाडीबरोबर स्वतःच्याही तक्रारी घेऊन इथे येणारे गिऱ्हाईक बंधुभगिनींनो,

सुरुवातीलाच एक विनंती. हे व्यासपीठ म्हणजे गाडी उचलायची लिफ्ट आहे आणि तिच्यावर फळ्या टाकून कापड अंथरलं आहे, हे मला मघाशी चढताना कळलं. तेव्हा खाली बटणाजवळ जे कोणी उभे असतील त्यांनी हात खिशात ठेवावेत. माझं भाषण लांबलं तर मला खाली उतरवा, पण पाहुण्यांना छताला लावू नका.

गिऱ्हाइकांच्या वतीने दोन शब्द बोला, असं अध्यक्षांनी मला सांगितलं. आता ज्या बाईने उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, तिच्या हातात माइक देऊन दोन शब्द म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं आहे. दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं, हे माझं काम होतं. मला बोलायची संधी आज मिळते आहे, ती मी सोडणार नाही.

अडचण एवढीच, की मिस्त्रींच्या कानात आता मशीन आहे. पूर्वी मी त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर काहीही पुटपुटत असे. आज जपून बोलायला हवं. मी जे सांगणार आहे त्याची परवानगी मात्र मी घेतली आहे. काल विचारलं, 'मिस्त्री, भिंतीजवळची गोष्ट सांगू का?' तर म्हणाले, 'सांगा. नाहीतरी मी गेल्यावर सांगणारच आहात, त्यापेक्षा माझ्यासमोर सांगा, म्हणजे मीठमसाला कमी लावाल.' बघू या कसं जमतं ते.

मी या गॅरेजची गिऱ्हाईक झाले ती वारसाहक्काने. आमच्या घरची गाडी ह्यांची. हे चालवणार, मी शेजारी बसणार. गाडी चालवताना बोललेलं ह्यांना खपत नसे, म्हणून वर्षानुवर्षं मी शेजारी बसून गाडीचंच बोलणं ऐकलं. वायपर कुठे अडतो, कुठल्या गिअरला कुरकुर होते, मागचं दार नीट लागलं नाही की कसा वारा शिरतो, सगळं मला पाठ. मग हे गेले. गाडी दारात उभी राहिली. मुलगा दूर देशात असतो, तो म्हणाला, 'आई, विकून टाक.' मी बरं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी शिकायला नाव घातलं. शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तर विचारलं, 'आजी, शिकणारं कोण आहे?' त्यांना वाटलं, मी नातवाबरोबर आले आहे.

चालवायला लागले आणि एक गोष्ट ध्यानात आली. माझी ती शेजारची जागा आता रिकामी होती. सगळा जन्म मी त्या जागेवर काढला, पण ती रिकामी कशी दिसते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. एकदा बाजारातून येताना भाजीची जड पिशवी मी तिथे ठेवली, आणि गाडी ओरडायला लागली. टूं, टूं, टूं. तुम्हाला माहीत आहे, शेजारच्या सीटवर वजन आलं आणि पट्टा लावला नाही, की ती अशी ओरडते. मी गाडी बाजूला घेतली आणि पिशवीला पट्टा बांधला. पुढच्या खेपेला मागची सीट मोकळी होती, तरी मी पिशवी पुढेच ठेवली. हसा, हसा, मलाही हसू आलं होतं. पण घरी पोचेपर्यंत जरा बरं वाटलं.

अशा अवस्थेत मी इथे पहिल्यांदा आले. तक्रार काही नव्हती. हे दरवर्षी ब्रेक दाखवून आणत, म्हणून मीही आले. समोर हे मिस्त्री. कमरेवर हात, कपाळावर आठी. मी चावी पुढे केली तर म्हणाले, 'चावी मला कशाला? तुम्ही चालवायची, मी बसणार.'

इथल्या जुन्या लोकांना ही भिंतीची फेरी माहीत आहे, नव्या पाहुण्यांसाठी सांगते. गॅरेजच्या मागे गोदामांची लांबलचक भिंत आहे. तिला लागून गाडी सावकाश न्यायची. काचा खाली, रेडिओ बंद, पंखा बंद, तोंड बंद. मिस्त्रींनी बोट वर केलं की ब्रेक मारायचा. चाकाचा आवाज भिंतीवर आपटतो आणि खिडकीतून परत आत येतो. गाडी मालकानेच चालवायची, कारण मिस्त्रींचं म्हणणं, 'प्रत्येकाचा पाय वेगळा. माझ्या पायाखाली गाडी शहाण्यासारखी वागते. तुमच्या पायाखाली काय करते ते मला ऐकायचंय.' काही ऐकू आलं तरच चाक उघडायचं. मागे भिंतीवर रंगवलेलंच आहे बघा, 'आधी कान, मग पाना.' हे त्यांचंच ब्रीद. त्यांच्या कानापुढे कुणाचं काही चालत नसे. खुद्द मालकांचंही नाही, असं मालकच म्हणतात.

त्या पहिल्या फेरीत त्यांनी मला ब्रेकचा जो पाठ दिला तो मी आजवर विसरले नाही. म्हणाले, 'बाई, ब्रेक एकाएकी जात नाहीत, आधी सांगतात. पॅड झिजत आला की त्याला लावलेली पत्र्याची पट्टी चाकाच्या चकतीला टेकते आणि बारीक किंचाळते. मुद्दाम त्यासाठीच बसवलेली असते ती. किंचाळली तर अजून वेळ आहे, पॅड बदला. खरखर आली तर लोखंडावर लोखंड घासतंय, चकतीही गेली समजा. गाडी एका अंगाला ओढली तर एक चाक राबतंय आणि दुसरं कामचुकारपणा करतंय. पेडल थरथरलं तर चकती वाकडी. आणि पेडल मऊ लागून खाली खाली जायला लागलं, तर गाडी जागची हलवायची नाही, मला बोलवायचं.' मी विचारलं, 'आणि काहीच आवाज आला नाही तर?' म्हणाले, 'तर तुम्ही सुखी आहात, नाहीतर बहिऱ्या आहात.' आम्ही दोघंही हसलो होतो त्या दिवशी.

त्या फेरीत ब्रेक उत्तम निघाले. मी घरी गेले, आणि मला वाईट वाटत होतं. का वाटत होतं ते सांगते, आता लाजण्याचं वय राहिलं नाही. त्या भिंतीजवळ कुणीतरी माझ्या शेजारी बसून, माझ्याबरोबर एकच आवाज ऐकत होतं. बोलणारी माणसं मिळतात हो. मुलगा रविवारी फोन करतो, बोलतो, जेवलीस का विचारतो. पण गप्प बसून तुमच्याबरोबर कुणी काही ऐकावं, हे ह्यांच्यानंतर माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

पुढे काही वर्षं असंच चाललं. वर्षातून एकदा यायचं, फेरी मारायची, जायचं. मग गेल्या वर्षी मला आवाज यायला लागला.

माझं घर उताराच्या वरच्या टोकाला आहे. उतार संपतो तिथे शाळेचं फाटक. त्या उतारावर ब्रेक मारला की पुढच्या चाकातून बारीक, सुईसारखा आवाज. मिस्त्रींनी शिकवला होता अगदी तसाच. मी आनंदाने, हो, आनंदानेच, गाडी घेऊन इथे आले. फेरी झाली. बोट वर, ब्रेक, बोट वर, ब्रेक. चाक माझ्या कानात किंचाळत होतं. मिस्त्री म्हणाले, 'काही नाही. ब्रेक चांगले आहेत.' मी म्हटलं, 'अहो, हा काय येतोय!' म्हणाले, 'बाई, हे काम मी करतो. घरी जा.'

मी घरी गेले. आवाज येतच होता. महिन्याभराने पुन्हा आले. पुन्हा फेरी, पुन्हा तेच. 'काही नाही.' परत आले तेव्हा इथल्या ऑफिसातली मुलगी कुणाला तरी हळूच म्हणाली, 'एकट्या असतात हो. येतात बिचाऱ्या.' तिला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. अगं, मी टेलिफोन ऑपरेटर! शेजारच्या लाइनवरचं कुजबुजणंही मला ऐकू यायचं. तू आता मान खाली घालू नकोस, बाळ. तू खोटं काहीच बोलली नव्हतीस.

मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, 'आई, एवढा मोठा मिस्त्री सांगतोय ना, आवाज नाही म्हणून? मग तुला भास होतोय. असे भास व्हायला लागल्यावर गाडी चालवायची नाही.' त्याचं काही चुकलं नव्हतं. शेवटी आमचं ठरलं, आणखी एकदा दाखवायचं. मिस्त्री पुन्हा 'काही नाही' म्हणाले, तर गाडी विकायची आणि मी त्याच्याकडे जाऊन राहायचं, तिथे माझ्या नावाची खोली आहे म्हणे, रस्त्याकडे खिडकी नसलेली.

मंडळी, गाडी जाईल याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मलाच वाटायला लागलं, की आवाज खरंच नसेल. मला या फेऱ्या आवडतात, हे मला ठाऊक होतं. मग माझंच मन तो आवाज काढत असेल का? कुणीतरी शेजारी येऊन बसावं म्हणून? ज्या कानांवर मी उभी नोकरी केली, त्या कानांवरचा माझा विश्वास उडाला. एकटं राहणाऱ्या माणसाचं हे असं होतं. त्याच्या म्हणण्याला 'हो, मलाही ऐकू आलं' म्हणणारं घरात कुणी नसतं.

तर ती शेवटची फेरी. त्या दिवशी मिस्त्री घुश्शातच बसले. काच खाली केली आणि पट्टा न लावता खिडकीतून डोकं बाहेर काढलं, चाकाच्या अगदी जवळ कान न्यायचा म्हणून. मी गाडी भिंतीला लागून घेतली. गाडी ओरडायला लागली. टूं, टूं, टूं. मला वाटलं, आता डोकं आत घेतील आणि पट्टा लावतील. ज्या माणसाला फेरीत माझ्या बांगडीची किणकिणही खपत नसे, तो हा टूं टूं कसा चालवून घेईल? पण ते डोळे मिटून ऐकत होते. मी काही बोलायला गेले तर हात वर केला. 'शू. आवाज करू नका.' भिंत संपेपर्यंत गाडी बोंबलत होती. मग डोकं आत घेतलं आणि म्हणाले, 'बाई, चिडीचूप आहे सगळं.'

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? आनंद झाला. मी वेडी नाही! आवाज आहे! असं ओरडावंसं वाटलं. आणि मग मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. केस वाऱ्याने विस्कटलेले, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर एवढी खात्री. माझा आनंद तिथल्या तिथे विरला.

मी गाडी थांबवली आणि समोरच्या लाल खुणेकडे बोट दाखवलं. पट्ट्याची खूण लुकलुकत होती. त्यांनी ती पाहिली. बराच वेळ पाहिली. मग विचारलं, 'हे वाजतंय का?'

नाही म्हणणं सोपं होतं. बिघडलंय, नुसतं लुकलुकतं, असं म्हणता आलं असतं. पण एक्स्चेंजमध्ये आमचा एक नियम होता. लाइन बंद असेल तर बंद सांगायचं. समोरच्याला उगाच 'हॅलो, हॅलो' करत ठेवायचं नाही. मी म्हटलं, 'हो मिस्त्री. निघाल्यापासून वाजतंय.'

'आणि ब्रेक?'

'तोही.'

ते उतरले, मागून जॅक काढला आणि तिथेच, भिंतीच्या कडेला, चाक उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा पाना आधी आणि कान नंतर. पॅड उरला नव्हता म्हणा ना. पत्र्याची पट्टी घासून चकाकत होती. त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि फुटपाथच्या कडेला बसले. मीही बसले, गुडघे कुरकुरत होते तरी.

मग ते बोलले. एरवी ब्रेक सोडून दुसरा विषय न काढणारा हा माणूस. म्हणाले, 'बायको गेली तेव्हापासून घर एकदम गप्प झालं. सकाळी खिडकीत चिमण्या यायच्या, त्या येईनाशा झाल्या. दाराची घंटा वाजेनाशी झाली. म्हटलं, कोण येणार आता आपल्याकडे. घड्याळसुद्धा बंद पडल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, माणूस गेलं की घराचं असंच होत असेल.' मग मला विचारलं, 'बाई, चिमण्या असतील का हो अजून?'

मी म्हटलं, 'असतील. नक्की असतील.' आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं ते आज इथेही सांगते. मी म्हटलं, 'तुमच्या घरात आवाज आहेत, मिस्त्री, तुम्हाला ते पोचत नव्हते. माझे कान शाबूत आहेत. माझ्या घरात आवाजच नाही.'

आम्ही तसेच बसून राहिलो. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं असेल, गाडी बंद पडली आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गॅरेजमध्ये परत येऊन त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि स्वतःच सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात, म्हणून माणसाला कळतच नाही. इंजिन ऐकू येत होतं, मालकांचं ओरडणं ऐकू येत होतं, फक्त किंचाळणारी पट्टी तेवढी गेली होती. मग कानात मशीन आलं. मशीन बसवल्यावर त्यांनी पहिला फोन मला केला. हॅलो नाही, काही नाही. नुसतं म्हणाले, 'आहेत,' आणि ठेवला. चिमण्यांबद्दल होतं ते.

माझ्या मुलालाही मी फोन केला. म्हटलं, 'पॅड बदलले. तुझी आई ठार शहाणी आहे.' तो म्हणाला, 'सॉरी, आई.' गाडीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. बाहेर उभी आहे ती माझीच.

आता मिस्त्री निवृत्त होत आहेत आणि मुलीकडे राहायला चालले आहेत. तिथे नातवंडं आहेत, गोंगाट आहे, आणि मशीन बंद करायची सोय आहे, असं ते म्हणतात. इथे मालकांनी ब्रेक तपासायचं रोलरचं नवं यंत्र आणलं आहे. गाडी त्याच्यावर चढवायची, आकडे पडद्यावर दिसतात, आणि आम्ही गिऱ्हाइकांनी काचेपलीकडे खुर्चीत बसायचं. यंत्र चांगलं आहे, मालक, मी नावं ठेवत नाही. वयाबरोबर त्याचे कान जाणार नाहीत. भिंतीची फेरी मात्र आता संपली.

सत्काराच्या भाषणात असं बोलायचं नसतं, पण बोलते. मिस्त्री, मला फार एकटं वाटणार आहे. माझी तक्रार खरी आहे, आणि मी एकटी आहे हेही खरं आहे. तुम्ही त्या दिवशी दोन्ही ऐकून घेतलंत, तेही कान नसताना. बाकी सगळ्यांना एका वेळी एकच ऐकू येत होतं.

उद्या सकाळी मिस्त्रींना स्टेशनवर सोडायला मी जाणार आहे. मालक गाडी देत होते, पण मिस्त्रींनी नको म्हटलं. म्हणाले, 'बाईंचा पाय शेवटचा ऐकून घेतो.' आम्ही भिंतीच्या बाजूने जाऊ. काचा खाली, रेडिओ बंद. ते मुद्दाम पट्टा लावायला उशीर करतील, मला माहीत आहे, ते टूं टूं ऐकायला त्यांना आता फार आवडतं. येताना गाडी शांत असेल. रिकाम्या सीटसाठी ती ओरडत नाही. आणि उद्या बाजाराचा दिवस नाही, पिशवीही नसेल.

अध्यक्ष महोदयांनी मला इतका वेळ बोलू दिलं आणि लिफ्टचं बटण दाबू दिलं नाही, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. पाहुण्यांचे आणि तुम्हा सगळ्यांचेही आभार, विशेषतः ऑफिसातल्या त्या गुणी मुलीचे, जिने मला आज पुढच्या रांगेत खुर्ची धरून ठेवली. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर आपण ते ऐकलंच नाही असं समजून मला क्षमा करावी.

तुम्ही नाही, मिस्त्री. तुम्ही सगळं ऐकलंय, मी बघत होते.